अडीच किलोची लिफ्ट

मुलांनो, जरा एक कल्पना करा. डोळे मिटायचे नाहीत; मिटलेत तर पुढचं वाचणार कसं?

तुम्ही हैदराबादेत, अंबरपेठेला, एका तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहता. इमारतीला लिफ्ट नाही. खाली यादम्मा भाजीची गाडी घेऊन आली आहे आणि 'टमाटे, वंकाय, बेंडकाय' असं अख्ख्या गल्लीला बजावून सांगते आहे. वंकाय म्हणजे वांगी आणि बेंडकाय म्हणजे भेंडी. इथे राहायचं तर एवढं तेलुगू यायलाच हवं. आता तुम्ही काय कराल? शाबास. बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडाल. यादम्मा तीत भाजी ठेवील, तुम्ही टोपली वर ओढाल.

आणखी थोडी कल्पना करा. तुमचं वय एकाहत्तर आहे आणि उजवा खांदा आखडलेला आहे. टोपली खाली जाते मजेत, कारण खाली जायला कुणालाच कष्ट पडत नाहीत. वर ओढताना मात्र दर हाताला एकदा 'आई गं' म्हणावं लागतं. शिवाय वाटेत ती पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांना अडकते आणि वांग्यांबरोबर शेजाऱ्यांचा एखादा बनियनही घेऊन येते.

ही आमच्या घरातली सुमन, म्हणजे माझी बायको. मी मधुकर. सुलतान बाजाराजवळच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित आणि भूमिती शिकवून निवृत्त झालो. गल्लीत मला 'मास्टरसाब' म्हणतात. माझ्याविषयी एवढं पुरे. कारण ही गोष्ट माझी नाही, असं मला ती घडत असताना वारंवार सांगण्यात आलं.

गोष्ट आमच्या नातीची, अश्विनीची. ती दहावीत आहे. तिची शाळा परदेशी बोर्डाची, त्यामुळे तिला डिझाइन अँड टेक्नॉलॉजी नावाचा विषय आहे. त्याची परीक्षा दोन भागांत असते. एक लेखी पेपर. आणि दुसरा भाग म्हणजे खऱ्या माणसाची खरी अडचण शोधायची, तिच्यावर उपाय म्हणून एक वस्तू तयार करायची आणि ती कशी तयार केली याची फाइल द्यायची. फाइल गेली नाही तर अर्धे गुण गेले.

"मी आजीची टोपली घेणार आहे," अश्विनी म्हणाली.

"उत्तम!" मी म्हणालो आणि चष्मा पुसायला घेतला. निवृत्तीनंतर माझ्याकडे कुणी नुसती त्रिज्याही विचारायला आलं नव्हतं.

पहिलं काम म्हणजे वापरकर्त्याची मुलाखत. अश्विनी वही घेऊन सुमनसमोर बसली.

"आजी, टोपली ओढताना तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"तुझ्या आजोबांचा."

"आजी, सीरियसली."

"सीरियसलीच सांगते. मी इकडे ओढत असते आणि हे मागे उभे राहून म्हणतात, काटकोनात धर, काटकोनात धर."

अश्विनीने ते शब्दशः लिहून घेतलं. साता समुद्रापार माझी कीर्ती पोचली ती अशी.

पुढचे पंधरा दिवस पोरगी झपाटल्यासारखी काम करत होती. विहिरीवर रहाट असतो ना, तसा एक छोटा रहाट बाल्कनीच्या कठड्याला घट्ट बसवायचा आणि मूठ फिरवून टोपली वर आणायची, अशी तिची युक्ती होती. तिने चाळीसेक चित्रं काढली. खाडाखोड, बाण, फुल्या, एकावर चहाच्या कपाचं वर्तुळ. (ते वर्तुळच काय ते त्या वहीत अचूक होतं.) पुठ्ठ्याचे तीन रहाट केले, तिन्ही मोडले. मी धीर धरून होतो. धीर हा माझा स्वभाव आहे. सुमनला विचारू नका, मला विचारा.

मदत करण्याची पहिली संधी मला मिळाली ती परवानगीच्या वेळी. पहिल्या मजल्यावरचे शिवराज, ज्यांचे बनियन आमच्याकडे येतात ते, इमारतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी आहेत. नियमाला धरून असलेला माणूस. स्वतःच्या वाढदिवसालाही आधी नोटीस लावतात.

"मास्टरसाब, बाल्कनी के बाहर कुछ लगाना है तो दरखास्त होना," ते म्हणाले. इथल्या हिंदीत 'होना' म्हणजे 'हवं'.

"अहो, टोपली वीस वर्षं लटकते आहे."

"वो दोरी थी. ये मशीन है. मशीन का कायदा अलग."

त्यांनी छापील अर्ज काढला. त्यात तीनच चौकोन होते: ग्रिल, डिश अँटेना आणि लिफ्ट. शिवराज बराच वेळ विचारात पडले.

"ऊपर-नीचे जाता ना?"

"जाता है."

"फिर लिफ्ट." आणि त्यांनी लिफ्टच्या चौकोनात ठसठशीत खूण केली. "लिफ्ट को बारा के बारा फ्लॅटवालों की सही होना. मैं क्या करूँ, मेरे हात में कुछ भी नै."

मी सह्या गोळा करायला निघालो. तळमजल्यावरच्यांनी विचारलं, लिफ्टची वर्गणी तळमजल्याला लागू आहे का. एकांनी सांगितलं, टोपलीऐवजी बादली लावा, बादली फिरत नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, बादली मुळीच नको, डोक्यात पडली तर काय घ्या, टोपलीच बरी. तिसऱ्या मजल्यावरच्या अनुराधाबाईंनी मात्र काहीच विचारलं नाही. त्या अकरा वर्षं लिफ्टची मागणी करत आहेत. अर्जावर तो एक शब्द वाचताच त्यांनी सही केली, डोळ्यांना पदर लावला आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, घाईत असतील.

संध्याकाळी त्या वाडगाभर डबल का मीठा घेऊन हजर.

"सर, तुम्ही करून दाखवलंत! या सेक्रेटरीला अकरा वर्षं जमलं नाही ते तुम्ही एका दिवसात केलंत. घ्या, गरम आहे तोवर घ्या."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर त्यात पहिला चमचा गेला होता. साजूक तुपात तळलेला, साखरेच्या पाकात मुरलेला पाव तोंडात असताना माणूस खरं बोलू शकत नाही. अर्धा वाडगा संपल्यावर मला कंठ फुटला.

"बाई, एक सांगायचं राहिलं. ही लिफ्ट अडीच किलोपर्यंतच आहे."

"माणशी?"

"नाही. एकूण."

अनुराधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग उरलेल्या अर्ध्या वाडग्याकडे पाहिलं, आणि तो उचलून नेला.

मदतीची दुसरी संधी दत्तोबाने आणली. दत्तोबा माझा शाळेपासूनचा मित्र. सिकंदराबादला रेल्वेत फिटर होता. सगळ्या जगाची कामं तो रेल्वेच्या मापाने करतो. एके दिवशी तो रिक्षातून उतरला तो बिडाची एक कप्पी मिठीत घेऊन. दोघांनी मिळून ती वर चढवली तेव्हा जिना मोजायला वेळ मिळाला: चौतीस पायऱ्या.

"मधू, ही लाव. दहा टन दिलेस तरी हूं की चूं करणार नाही."

"दत्ताआजोबा, मला अडीच किलो उचलायचेत," अश्विनी म्हणाली. "थँक्यू, पण नको. आणि मी शाळेतून येईपर्यंत कुणी काही लावू नका."

ती शाळेत गेली. आता मुलांनो, दोन म्हातारे, एक कप्पी आणि रिकामी बाल्कनी. आम्ही फक्त लावून बघणार होतो. कप्पी लागली. टोपलीत वजनासाठी वीट ठेवली. दत्तोबा म्हणाला, "सोड", आणि मी सोडली. बिडाची ती कप्पी तेलपाणी केलेली, अशी गरगरली की दोरी हातातून सुटली आणि वीट सरळ यादम्माच्या टोमॅटोंत जाऊन बसली. नशिबाने यादम्मा तेव्हा समोरच्या ओसरीवर पाणी पीत होती.

ती गाडीपाशी आली. टोमॅटोंकडे पाहिलं, वर पाहिलं.

"क्या मास्टरसाब," ती शांतपणे म्हणाली, "चटणी होना था तो बोलना था ना. मैं घर से करके लाती."

संध्याकाळी अश्विनीने कठड्याला आलेला बाक पाहिला आणि वहीत नोंद केली: 'प्रयोग चौथा. आजोबांनी परवानगी न घेता केला. निष्कर्ष: वीट खाली जाते.' दत्तोबा ती कप्पी न्यायला अजून आलेला नाही. दाराला टेकण म्हणून चांगली आहे.

इथपर्यंत जे झालं ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण आता माझ्या हातून घडलं ते सांगायचं आहे, आणि ते सांगताना मी थोडा बसून घेतो.

तो रविवार होता. फाइल शाळेत द्यायला दहा दिवस उरले होते. अश्विनी ज्यादा तासाला गेली होती, तिचे आईवडील आठवड्याची खरेदी करायला, आणि सुमन खांद्याला शेक देत पडली होती. टेबलावर ती वही उघडी होती. मी चौतीस वर्षं गणिताच्या वह्या तपासल्या आहेत. उत्तरपत्रिकेत उजव्या बाजूला समास आखून 'कच्चे काम' असं लिहायचं आणि उत्तर झालं की त्यावर तिरपी रेघ मारायची, हे मी तीन पिढ्यांना शिकवलं. कच्चं काम परीक्षकाला दाखवायचं नसतं. गुण असतात ते पक्क्या कामाला. आणि या पोरीच्या वहीत सगळंच कच्चं होतं!

मी खोडरबर घेतलं. मायेने घेतलं, हे लक्षात घ्या. एकेक चुकलेलं चित्र इतक्या हळुवारपणे खोडलं की कागदाला कळलंही नसेल. जी खोडता येईनात ती पानं फाडून टाकली. मग कोरे कागद घेतले, पट्टी, गुण्या, कंपास, काळी शाई. रहाटाची पाच चित्रं, वरून, समोरून, बाजूने. प्रत्येकाला दुहेरी चौकट. शीर्षकं माझ्या वळणदार अक्षरात, आणि सगळं एका फाइलला लावलेलं. ते मोडके पुठ्ठ्याचे रहाट खोलीभर पसरले होते, ते सुक्या कचऱ्याच्या डब्यात घातले, आणि तेवढ्यात घंटागाडी आली तो मी शुभशकुन मानला.

अश्विनी आली. तिने फाइल पाहिली. माझी अपेक्षा होती की ती 'आजोबा!' म्हणून गळ्यात पडेल. 'आजोबा' ती म्हणाली, पण तो उद्गार वेगळा होता.

"माझी चित्रं कुठायत?"

"हीच की. पक्की केली."

ती खुर्चीवर बसली आणि एकेक पान उलटून पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने ती फाइल शाळेत दाखवली, आणि मला भेटायला बोलावणारा फोन आला. तिच्या शिक्षिका नेहा मॅडम पुण्याच्या, वयाने माझ्या पहिल्या तुकडीतल्या मुलांच्या मुलीएवढ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. शिक्षक पाणी देतात तेव्हा निकाल वाईट असतो, हे मला माहीत होतं. मी स्वतः देत असे.

"सर, फाइल फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "तोच प्रॉब्लेम आहे."

"प्रॉब्लेम?"

"हे अक्षर कुणाचं आहे?"

मी अश्विनीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"माझं," मी म्हणालो. "पण डोकं सगळं तिचं. मी फक्त नीटनेटकं केलं."

"सर, या विषयात गुण नीटनेटकेपणाला नसतात. तिने काय काय करून पाहिलं, काय फसलं, का फसलं आणि मग तिने काय बदललं, त्याला असतात. त्या चाळीस चित्रांत तिचे निम्मे गुण होते. आता या फाइलमध्ये सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर आलंय. आणि 'हे काम विद्यार्थिनीचं स्वतःचं आहे' याच्याखाली मला सही करायची असते. याच्यावर मी ती नाही करू शकत."

मी समोरचं पाणी एका दमात संपवलं. मॅडम स्वभावाने चांगल्या. म्हणाल्या, पुढच्या बुधवारपर्यंत वेळ आहे; तिने पुन्हा सुरुवातीपासून, स्वतःच्या हाताने केलं, तर बघते.

परतीच्या रिक्षात शेवटी मीच म्हणालो, "काळजी करू नकोस, बाळा. आपण पुन्हा करू."

"आपण नाही, आजोबा," ती म्हणाली. "मी."

त्या दिवसापासून घरात नवे नियम लागू झाले. आजोबांनी बाल्कनीत यायचं नाही. टेबलापासून तीन फूट लांब राहायचं. 'अगं, पण' या शब्दांनी वाक्य सुरू करायचं नाही. कठड्याचा बाक मी शिवराजांच्या देखरेखीखाली सरळ करून घेतला, तेवढं शिक्षा म्हणून. आणखी एक काम मला मिळालं, तेही यादी हातात देऊन: सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानातून ताग्याच्या आत असते तसली पुठ्ठ्याची जाड नळी आणायची. एकच. सल्ला न देता. मी आणली. बसमध्ये लोक तिला दुर्बीण समजून बाजूला होत होते. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही.

शनिवारी चाचणी होती. रहाट तयार झाला होता: पुठ्ठ्याची नळी, तिच्यातून आरपार लोखंडी सळई, एका टोकाला मूठ, आणि सगळं लाकडी चौकटीत कठड्याला आवळलेलं. खाली यादम्मा, बाल्कनीपासून सुरक्षित अंतरावर तिची गाडी. मी नियमाप्रमाणे हॉलमध्ये.

टोपली गेली. वांगी बसली. सुमनने डाव्या हाताने मूठ फिरवायला सुरुवात केली. टोपली डौलात वर निघाली, आणि शिवराजांच्या बाल्कनीसमोर येऊन थांबली. नळीवर गुंडाळत गुंडाळत दोरी कडेला सरकली, कडेवरून घसरली आणि चौकटीत रुतून बसली. टोपली ना वर, ना खाली.

झालं! तिन्ही मजल्यांवरून सल्ले सुरू झाले. वरून अनुराधाबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते, मोटर लावा!" खालून यादम्मा म्हणाली, "काटो अम्मा, मैं पकडती!" शिवराज बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी टोपलीकडे हात केला.

"अंकल, हात लावू नका!" अश्विनी ओरडली. "मला आधी फोटो काढायचाय!"

"अरे, बैंगन मेरे मुँह के सामने लटक रहे हैं!"

"दोन मिनिटं, अंकल! हलू नका, तुम्हीपण फोटोत या!"

शिवराज ताबडतोब आत जाऊन शर्ट घालून आले.

आणि मुलांनो, मला उत्तर माहीत होतं! दिसताक्षणी कळलं होतं. नळीच्या दोन्ही टोकांना चकत्या बसवल्या की दोरी घसरणार नाही. एका वाक्याचं काम. ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन उभं होतं. समोर पोरगी दोरीकडे टक लावून बसली होती आणि तिच्या हातात चारच दिवस उरले होते. माझं तोंड उघडायला लागलं तसा मी उठलो, न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि नळ सोडून बादलीवर बसलो. तिथे मी ते वाक्य तीनदा म्हटलं. बादलीने ऐकून घेतलं.

पाऊण तासाने बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. मी कडी काढली. टोपली वर आली होती. सुमन वांगी काढत होती आणि तिच्या चेहऱ्यावर 'आई गं'चा मागमूस नव्हता. नळीच्या दोन्ही टोकांना दोन चकाकत्या चकत्या होत्या.

"चकत्या!" मी म्हणालो. "तुला सुचल्या?"

"हो. मापाच्या हव्या होत्या, मधे भोक असलेल्या. तुमच्या कपाटात दोन सीडी होत्या. चालतील ना? आपल्याकडे त्या लावायला काही नाहीये आता."

मी वाकून पाहिलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभाच्या सीडी. डावीकडे भाग एक, उजवीकडे भाग दोन. मुख्याध्यापकांचं भाषण, शाल-श्रीफळ, माझं चाळीस मिनिटांचं उत्तर. ते भाषण तेव्हाही कुणी पूर्ण ऐकलं नव्हतं. आता निदान भाजी वर आणतं आहे.

"चालतील," मी म्हणालो. वाक्याची सुरुवात 'अगं, पण'ने केली नाही, हे नोंदवून ठेवा.

बुधवारी फाइल गेली. नव्या फाइलमध्ये खाडाखोड होती, फसलेल्या रहाटांचे फोटो होते, इस्त्रीच्या शर्टातले शिवराज आणि त्यांच्या नाकासमोर वांगी असा पानभर फोटो होता. 'काय चुकलं' या मथळ्याखाली एका पानावर माझी दुहेरी चौकटीतली शाईची चित्रंही चिकटवलेली होती. शेजारी तिने लिहिलं होतं की मदत कुठे थांबवायची ते आधीच ठरवायला हवं होतं. नेहा मॅडमनी ते पान दोनदा वाचलं आणि मग सही केली. असोसिएशनचा मंजुरीचा कागदही त्याच दिवशी आला: 'लिफ्ट मंजूर. भारमर्यादा अडीच किलो. व्यक्तींना प्रवेश नाही.' अनुराधाबाईंनी तो वाचला, पण आता त्याही आपल्या सहीचं फळ म्हणून आपली कोथिंबीर आमच्याच टोपलीतून मागवतात आणि एक मजला उतरून घेऊन जातात.

उरला होता लेखी पेपर. गुरुवारी संध्याकाळी अश्विनी सरावाला बसली. पहिलाच प्रश्न: दिलेल्या खोक्याचं तिरकस कोनातून, तीन बाजू दिसतील असं चित्र काढा. अहो, ही तर भूमिती! माझी भूमिती! मी तीन फुटांवर उभा होतो. तिने दुसरी रेघ काढली, आणि ती हवी तशी तीस अंशांची नव्हती. फार तर सत्तावीस. मी खाकरलो. मग पाणी प्यायलो. मग पुन्हा खाकरलो.

अश्विनीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता आपली रवानगी बादलीवर.

तिने शेजारची खुर्ची पायाने बाहेर ढकलली. एक कोरा कागद त्या खुर्चीसमोर ठेवला, एक पेन्सिल ठेवली.

"बसा, आजोबा. तुम्ही तुमचं काढा, मी माझं काढते. मग बघू कुणाचं जास्त चुकतं."

आणि मी बसतोय न बसतोय तोच तिने मोबाइलच्या घड्याळात पेपराची पंचेचाळीस मिनिटं लावली, बटण दाबलं आणि मान खाली घालून पुढची रेघ ओढायला घेतली.